रांगतीखालची ओल

३ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. रोपवाटिकेतल्या काचघराच्या शिडीवरून पडून पाय मोडून घेतलास हे वाचून आधी घाबरलेच. मग खाली समासात तुझ्या बायकोनं लिहिलेलं दिसलं, की पडताना साहेबांनी हातातली कुंडी मात्र उंच धरून वाचवली. तेव्हा हसू आवरेना. सहा आठवडे प्लॅस्टर म्हणजे सहा आठवडे आयतं खाणं. ते निघेल तेव्हा काचघराच्या दारातून आत मावतोस का, ते आधी बघ.

इकडे सगळं बरं आहे असं लिहिणार होते, पण बाबांचं मला काही कळेनासं झालंय. डोळ्यांचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे ढकललं. पस्तीस वर्षं पाटकरी म्हणून कालव्याच्या बांधावर गस्त घातलेला माणूस, खेकड्याचं बीळ वीस पावलांवरून ओळखायचा. काल माझ्या शिवणाच्या गठ्ठ्याला मांजर समजून हुसकावत होते. गेल्या महिन्यात हट्टानं माझी खाट मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणायला लावली. मागे गारठा आहे, तुझी कंबर धरेल, म्हणाले. स्वतः मात्र मागे जाऊन झोपतात, बांधाकडच्या भिंतीला पाठ लावून. एप्रिलात कसला आलाय गारठा? शिवाय पुढच्या दाराला आतून कडी घालायची नाही असं फर्मान आहे. चोर आला तर काय, असं विचारलं, तर म्हणाले की शिलाई मशीन उचलून पळणारा चोर अजून जन्मायचाय. पण म्हणताना हसले नाहीत.

तुझी रांगतीची वेल मात्र यंदा नुसती मातली आहे. चार वर्षांपूर्वी तू ती तीनशे रोपं पाठवलीस तेव्हा बोटाएवढी होती. आता घरामागचा अख्खा बांध तळापासून माथ्यापर्यंत हिरवागार आहे, कुठे मातीचा टिकला दिसत नाही. थंडी म्हणत नाही, ऊन म्हणत नाही, पान गळत नाही. आणि फळं! न्हाणीच्या खिडकीसमोरच्या पट्ट्यात तर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी, रसानं टचटचलेली. चवीला पुळचट आहेत, पण मुरंब्यात साखर पडली की कोणाला कळतंय? बाबा रोज सकाळी काठी टेकत तिथे जातात, त्याच पट्ट्यातलं एक फळ चाचपून तोडतात, खातात आणि नुसते उभे राहतात. एकच फळ. मग दुपारपर्यंत बोलणं नाही. म्हातारपणी माणूस खाण्यावरून असा विचित्र होतो का रे?

चोवीस तारखेला कालव्याला पूर्ण पाणी सोडणार, अशी नोटीस लागली आहे. सध्या अर्ध्यावर आहे. शेजारच्या बेकरीवाल्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, तिच्यासाठी झबली शिवते आहे, आणि वर शाळेचे सत्तर गणवेश आहेतच.

पायाला जप. तुमच्या दोघांचा लोभ आहे तो वाढवा, निदान पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचायला घेतलं तेव्हा मोठमोठ्यानं हसत होतो. मुरंब्यापाशी आलो आणि हसू थांबलं. बायको विचारायला लागली की पाय दुखतोय का. मी हो म्हणालो.

ताई, आता मी जे विचारतो ते चेष्टेवारी नेऊ नकोस. रांगतीची रोपं मी स्वतःच्या हातानं वाढवली आहेत. कोरड्या उतारावर तिची फळं वाटाण्याएवढी होतात, पिवळीजर्द आणि गोड. अंगठ्याएवढी आणि पुळचट होतात ती एकाच कारणानं: मुळं सतत पाण्यात असली तर. तुमच्याकडे पाच महिन्यांत पाऊस नाही. न्हाणीचं पाणी दुसऱ्या बाजूच्या गटारात जातं. मग त्या एका पट्ट्याला पाणी पाजतंय कोण?

हे वाचून घाबरशील हे मला माहीत आहे. मी घाबरलोच आहे, त्यात एकटा नको म्हणून तुला ओढतोय असं समज. तुझी मापाची टेप घे. मोठी फळं कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात ते मोज. तिथे दोन्ही टोकांना रंगीत दोरा बांध. मग वेल बाजूला करून खाली हात घाल. काटे बारीक आहेत, पण जाड कापड गुंडाळ. माती गार लागते का, ओली लागते का, आणि पाणी असलंच तर ते स्वच्छ आहे का गढूळ, एवढं मला लिही. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाबाच आपल्याला सांगायचे की बांध उघडा हवा, गवतसुद्धा कापलेलं हवं, नाहीतर पाझर दिसणार कसा. आईनं एक गुलाब लावायचं म्हटलं तर तीन दिवस घरात धुसफूस होती. त्याच बाबांनी माझ्याकडून तीनशे रोपं का मागवली? तेव्हा मला इतका अभिमान वाटला होता की हा प्रश्न पडलाच नाही.

लगेच लिही. दोन ओळी असल्या तरी चालतील. तुझी शिव्या घालण्याची हौस पुढच्या पत्रात भागव, मी कुठे पळून जाण्याच्या स्थितीत नाही.

तुझा,
ढब्बू

१३ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

मोजलं. पट्टा सव्वीस इंच रुंद होता, रविवारी. लाल दोरा एका टोकाला, निळा दुसऱ्या टोकाला. काल पुन्हा गेले तर निळ्या दोऱ्याच्या पलीकडची फळंही टचटचायला लागली होती. आज एकतीस इंच आहे. टेप मीच धरली होती, मोजण्यात चूक नाही. पंचवीस वर्षं लोकांची मापं घेते आहे.

खाली हात घातला. ढब्बू, माती भिजलेल्या पावासारखी होती. कोपरापर्यंत हात गेला आणि मी किंचाळून बाहेर काढला. बोटांवरून पाणी ओघळत होतं, थंडगार. स्वच्छ आहे, गढूळ नाही, हे लक्षात ठेवून पाहिलं. मग न्हाणीत जाऊन किती वेळ हात धूत बसले, कशासाठी ते मलाच ठाऊक नाही.

तू नको म्हणालास तरी बाबांना विचारलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. मला वाटलं होतं ते दचकतील. ते रागावले. माझ्या आठवणीत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, काल ओरडले. तू तुझी मशीन चालव, बांधातलं तुला काय कळतं, म्हणाले. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत.

आता माझी अशी गत झाली आहे की मशीन चालवताना मध्येच पाय थांबतो. कान देऊन ऐकते. काहीच ऐकू येत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. खिडकीसमोर तो हिरवा उतार आहे, इतका छान दिसतो, येणारीजाणारी माणसं थांबून कौतुक करतात. मला त्याच्याकडे पाठ करून बसवत नाही आणि तोंड करूनही बसवत नाही. डोक्याच्या वर पाणी आहे, या घरात जन्म गेला तरी हे मला कधी जाणवलं नव्हतं.

कालव्याच्या ऑफिसात जाऊन सांगू का? सांगितलं तर बांधाखालची आपली पाचही घरं रिकामी करायला लावतील. आणि पहिला प्रश्न येईल की बांधाखालीच राहणाऱ्या जुन्या पाटकऱ्याला हे दिसलं कसं नाही. बाबांची मान खाली जाईल. ते मी करायचं? तू सांग. तुझं उत्तर येईपर्यंत किती इंच होईल कोण जाणे.

पायाचं काहीच विचारलं नाही, रागावू नकोस. जीव थाऱ्यावर नाही. तुमचा लोभ आहे म्हणूनच धीर आहे.

तुझी,
ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऑफिसात जा. या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. बांधातून पाणी स्वच्छ येतंय तोवर नुसता पाझर. ज्या दिवशी गढूळ आलं त्या दिवशी आतली माती वाहायला लागली असं समज आणि पिशवीसुद्धा न भरता बाहेर पड. अर्ध्या पाण्यात हे होतंय. चोवीसला पूर्ण पाणी आलं तर काय होईल ते मला लिहवत नाही.

बाबांसाठी वेगळा कागद सोबत ठेवला आहे. त्यांना वाचून दाखव. एकवीस तारखेपर्यंत तुझी तार आली नाही तर मी इथून ऑफिसला फोन लावायला लावीन, मग कोणाची मान खाली गेली तरी चालेल.

तुझा,
ढब्बू

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मी तुमच्यावर रागावून लिहीत नाही, घाबरून लिहितो आहे. तुम्ही आईला बांधावर गुलाब लावू दिला नाहीत आणि माझ्याकडून तीनशे रोपं मागवलीत. का, ते मला आता कळलंय असं वाटतं. ते खोटं निघावं म्हणून चार दिवस मनाशी भांडतो आहे.

काही झाकायचं होतं तर मला सांगायचं होतं. मी नाही म्हणालो नसतो. माझ्या हातानं वाढवलेल्या वेलीनं माझ्या बहिणीच्या डोक्यावरची भेग लपवली, हे घेऊन मी आयुष्यभर कसा राहू? ताईला तुम्ही पुढच्या खोलीत हलवलंत, स्वतः मागे झोपता. मला यातलं काही समजत नाही असं समजू नका. ताईला घेऊन ऑफिसात जा, बाबा. तुमच्या पाया पडतो.

तुमचा,
ढब्बू

२१ एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

ताईची लाकडी पट्टी ओळीखाली धरून लिहितो आहे. ओळ वाकडी गेली तर समजून घे. तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. शेवटचा भाग मी पुन्हा वाचून घेतला.

तुझा अंदाज बरोबर आहे. झाकायलाच मागवली.

सहा वर्षांपूर्वी, नोकरीचा शेवटचा महिना. न्हाणीसमोर दोऱ्याएवढी ओल दिसली. नियम असा की पाझर दिसला की त्याच दिवशी रजिस्टरात नोंद करायची, आणि दुरुस्ती होईपर्यंत खालची घरं रिकामी. तुझी आई तेव्हा मागच्या खोलीत पडून होती. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते. तिनं माझा हात धरून सांगितलं होतं की मला इथून हलवू नका. मी रजिस्टरात सर्व ठीक असं लिहिलं. मनाशी म्हटलं, तीन आठवड्यांनी खरं लिहू. ती चौदा महिने जगली. त्या चौदा महिन्यांचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण नंतर लिहायला तोंड उरलं नाही. पाच घरं इतके दिवस त्या ओलीखाली ठेवली, हे कोणाला सांगणार? रोज सकाळी माती दाबत राहिलो. माझ्या जागी आलेला पाटकरी मीच तयार केलेला, नजरेचा पक्का. त्याला दिसलं असतं. म्हणून रांगती. तिची मुळं माती धरतात असं त्याला सांगितलं, त्यानं माझा शब्द मानला.

मग डोळे गेले. तेव्हा जिभेवर भिस्त ठेवली. फळ गोड लागलं की पाणी वाढलेलं नाही, पुळचट लागलं की वाढलंय. या उन्हाळ्यात एकदाही गोड लागलं नाही. भिंतीला पाठ लावून झोपतो ते यासाठी, की भिंत हलली तर पहिल्यांदा मला कळेल आणि ताईला हाक मारता येईल. दाराची कडी काढून ठेवायला लावली ती तिला पळता यावं म्हणून. पस्तीस वर्षं पाटकरी राहिलेल्या माणसाला एवढाच उपाय सुचला, याची लाज वाटते.

आज पाण्यात बोटं घातली. चिमटीत वाळू लागली. ताईनं दुपारीच चारही घरांना सांगितलं. ते हसले. जुन्या पाटकऱ्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो, आम्हाला कसली भीती, असं म्हणाले. फक्त बेकरीवाल्यानं बायकोला बेकरीत नेऊन ठेवलं. आज सुट्टी, ऑफिस बंद आहे. ताईला मी बळजबरीनं तिच्याबरोबर पाठवलं आहे. उद्या उघडताक्षणी आम्ही दारात असू.

मला भीती वाटते आहे. पाण्याची आहेच, पण खरं लिहायचं तर त्या ऑफिसच्या पायऱ्यांची जास्त वाटते.

रोपांचा दोष नाही. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस.

बाबा

२२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तार नाही, पत्र नाही. आज बायकोला फोन करायला पाठवलं. तासभर रांगेत उभी राहून तिनं तुमच्या कालवा ऑफिसला फोन लावला. तिकडच्या कारकुनानं रजिस्टर उघडून पाहिलं आणि तिला सांगितलं की काळजीचं काही कारण नाही, बांधाचा तो तुकडा सगळ्या कालव्यात मजबूत म्हणून नोंदलेला आहे, खुद्द जुने पाटकरीच त्याच्या खाली राहतात. हे सांगताना बायको हसत होती, तिला हायसं वाटलं होतं. मी लगेच हे पत्र लिहायला घेतलं.

ताई, कुठे आहात तुम्ही? हे पत्र कोणत्या घरी जाणार हेही मला माहीत नाही. परवा चोवीस तारीख. प्लॅस्टर कापायला सांगितलं तर डॉक्टर नाही म्हणतात. पत्राखाली काय लिहायचं असतं ते सुचत नाही.

ढब्बू

२५ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

आम्ही दोघं जिवंत आहोत आणि धडधाकट आहोत. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं नीट वाचशील. शाळेच्या हॉलमध्ये बाकावर बसून लिहिते आहे. बाबा शेजारी झोपले आहेत. तुझं नवं पत्र अजून हातात नाही, पण तू लिहिलं असणारच. तार करायला हवी होती, कळतं मला, पण त्या दोन दिवसांत पोस्ट ऑफिस कुठल्या गल्लीत आहे तेही आठवत नव्हतं.

बावीसला सकाळी ऑफिसात गेलो. इंजिनिअर दौऱ्यावर. कारकून चांगला माणूस, त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी सांगितलं की बांध गळतोय, वाळू येतेय, पाणी तोडा. त्यानं रजिस्टर काढलं आणि बाबांचीच शेवटची नोंद त्यांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले की ती नोंद खोटी आहे. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की काका, तुमच्या नोंदी आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो. बाबा म्हणाले, मी खोटं लिहिलं, मुद्दाम लिहिलं. तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा अगदी मोठ्यानं. सगळं ऑफिस माना वर करून बघायला लागलं. कारकुनानं मला बाजूला घेऊन सांगितलं की वय झालंय, ऊन फार आहे, घरी न्या. ढब्बू, बाबा तिथे चोरासारखे उभे होते आणि त्यांना कोणी चोर मानायला तयार नव्हतं.

मग बाबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले की कालव्याच्या गेटवर चल. वरच्या गेटाच्या चाकाला कुलूप असतं आणि किल्ली नव्या पाटकऱ्याकडे. बाबांनी त्याला काहीच समजावलं नाही, फक्त सांगितलं की माझ्या घरामागे चल आणि रांगतीखाली हात घाल. तो आला. त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा चिखलानं भरलेला होता. तो बाबांकडे बघत राहिला आणि पळत सुटला. वरच्या हुकमाशिवाय गेट पाडून पाणी बंद केलं तर नोकरी जाते. त्यानं पाडलं. चाक गंजलं होतं, बाबाही जाऊन त्याच्याबरोबर फिरवायला लागले. मी चारही घरांतून ओरडत फिरले. या वेळी कोणी हसलं नाही, कारण पाटकरी पळताना सगळ्यांनी पाहिला होता.

तेवीसला सकाळी अकराच्या सुमाराला बांध बसला. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तसं काही झालं नाही. आम्ही पलीकडच्या रस्त्यावर उभे होतो, आणि तो हिरवा उतार रांगतीसकट, फळांसकट, हळूच पुढे सरकला आणि आपल्या घरात शिरला. वेल तुटलीसुद्धा नाही. मागची खोली छपरापर्यंत भरली. बाबांची खाट तिच्यात आहे. कालवा जवळजवळ रिकामा असताना हे झालं. चोवीसला भरून वाहता असता तर आमच्यातलं कोणी हे पत्र लिहायला उरलं नसतं. बेकरीवाल्याची बायको बेकरीत सुखरूप आहे, अजून मोकळी झालेली नाही.

काल इंजिनिअर आला. भला माणूस वाटला. त्यानं आधी बाबांचे आभार मानले, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून पाच कुटुंबं वाचली, म्हणाला. जबाब लिहून आणला होता. त्यात लिहिलं होतं की बावीस एप्रिलला सेवानिवृत्त पाटकऱ्यांच्या लक्षात गळती आली. सही तेवढी करा, म्हणाला. मी वाचून दाखवला. मला वाटलं, झालं, सुटलो. आता फक्त सही. खरं सांगते, मी मनातून हात जोडत होते की बाबा, करा आता सही आणि गप्प बसा.

बाबांनी मला विचारलं की तारीख कुठे आहे, तिच्यावर माझं बोट ठेव. मी ठेवलं. त्यांनी ती खोडली आणि शेजारी सहा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली, महिना आणि दिवससुद्धा. इंजिनिअर म्हणाला की काका, तुमची तारीख चुकतेय. बाबा म्हणाले की मागची चुकली होती, ही बरोबर आहे. मग त्याच्या खाली सही केली.

पुढे काय होईल ते इंजिनिअरलाही सांगता आलं नाही. चौकशी होईल, बोलावतील. मला अजून भीती वाटते आहे, पण आता ती माणसांची आहे. नव्या पाटकऱ्याची नोकरी राहावी म्हणून बाबा त्याच्या वतीनं वेगळा अर्ज लिहिणार आहेत, पट्टी मी धरायची आहे. रविवारी आम्ही तुझ्याकडे यायला निघतो. तुझ्या बायकोला सांग, दोन माणसं आणि एक चिखलात बुडालेली शिलाई मशीन येते आहे, जागा कर.

बाबा काल सहीनंतर झोपले ते अजून उठलेले नाहीत. दोनदा नाकाशी हात धरून पाहिलं. श्वास नीट चालू आहे. कुठल्याच भिंतीला पाठ न लावता, हॉलच्या मधोमध, पाय पसरून झोपले आहेत.

आम्हा दोघांवर लोभ होता तेवढाच ठेव. बाबांवर थोडा जास्त ठेवलास तर मी हेवा करणार नाही.

तुझी,
ताई